दगड क्रमांक दोनशे सतरा

३ ऑक्टोबर

दुपारी लेपोझारला पोचले. बसमध्ये शेवटी मी एकटीच उरले होते, म्हणून चालकाने थेट खोली भाड्याने देणाऱ्या ग्राशियानाबाईंच्या दारात उतरवलं. बॅगही आत नेऊन ठेवली. खोली छान आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. वर बीच झाडांचं रान, खाली तांबडे पडलेले नेचे. माथ्यावरून हद्द जाते. अलीकडे फ्रान्स, पलीकडे स्पेन.

बाईंनी घेवड्याचं सूप दिलं, मग मेंढीचं चीज आणि काळ्या चेरीचा मुरांबा. बऱ्याच महिन्यांनी पानातलं सगळं संपवलं. हद्दीचे दगड पाहायला आले म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, पोरी, आमच्याकडे दगडांशिवाय आहे काय, हवे तेवढे पिशवीत भरून ने. मी छप्पन्न वर्षांची आहे. मला पोरी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे बरं वाटलं.

का आले ते लिहून ठेवते. माझा नवरा बेटिरी एकवीस वर्षं सुट्ट्यांमध्ये हे दगड शोधत फिरायचा. त्याच्या वहीत प्रत्येक क्रमांकापुढे खूण आहे आणि शेजारी फोटो. गेल्या ऑक्टोबरात तो इथे एकटा आला होता, दोनशे सतरासाठी. घरी परतल्यावर सोळाव्या दिवशी गेला. हृदय. वहीत दोनशे सतरापुढे खूण आहे, सुंदर फोटोही आहे, दगडावर ऊन पडलेलं. पण त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय. असं त्याने दुसऱ्या कुठल्याच दगडापुढे केलेलं नाही.

तेवढं एक प्रश्नचिन्ह पुसायचं आहे. मग त्याचं काम पुरं होईल आणि मलाही थोडं सुटल्यासारखं वाटेल.

४ ऑक्टोबर

बाईंचे मेंढपाळ भाचे एर्रामुन वाट दाखवायला आले. साठीचे आहेत. हातात कोयता, डोक्यावर चपटी टोपी. नेचे डोक्याच्या वर गेलेत, वाट अशी उरलेलीच नाही. ते पुढे तोडत जातात आणि मी मागून चालते. चढ आला की मागे वळून दोन्ही हात पुढे करतात आणि म्हणतात, द्या इकडे. माझी पाठपिशवी घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. इथल्या पुरुषांची रीतच आहे म्हणे, बाईच्या पाठीवर ओझं दिसलं की हात आपोआप पुढे होतात.

दोनशे पंधरा आणि दोनशे सोळा सापडले. गुडघ्याएवढे दगड, वर क्रूस कोरलेला, खाली आकडा. शेवाळ खरवडून वाचावे लागले. एर्रामुन म्हणाले, माझ्या मेंढ्या सकाळचा नाश्ता फ्रान्समध्ये करतात आणि जेवायला स्पेनला जातात, त्यांना कोणी पासपोर्ट विचारत नाही.

जेवताना मी त्यांना कौलाचा तुकडा दाखवला. बेटिरीच्या कोटाच्या खिशात सापडला होता. वर्षभर मी त्याच्याखाली कागद ठेवत होते. एर्रामुननी तो उलटसुलट करून पाहिला आणि हे काय आहे ते सांगितलं. दगड बसवताना एक कौल फोडून त्याचे दोन तुकडे दगडाखाली पुरतात. त्यांना साक्षीदार म्हणतात. दगड हलला अशी शंका आली तर खणायचं. तुकडे जुळले की तीच खरी जागा. मग हसून म्हणाले, बाई, परत नेऊन ठेवा, नाहीतर स्पेन फौज पाठवेल.

म्हणजे बेटिरीने खणलं होतं. मला बोलला नव्हता.

६ ऑक्टोबर

दोनशे सतरा सापडला. माथ्याजवळच्या मोकळ्या गवतात, फोटोत आहे तिथेच. पण एर्रामुन टोपी मागे सारून बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या आठवणीत हा दगड खाली घळीत होता, पडलेला, झाडोऱ्यात. इथे उन्हात नव्हता. आम्ही दगडाच्या बुडाशी खणलं. कौल नाही. सभोवती बारीक खडे ठोकून बसवलेत. आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये बेटिरी तसेच खडे ठोकायचा.

घळीत त्याला फोटोपुरता उजेड मिळाला नसेल. म्हणून त्याने तो उचलून वर आणला आणि रोवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आता त्याच्या उजव्या खांद्यावरचा डाग आठवला. पिशवीचा पट्टा लागला, असं तो म्हणाला होता. सोळा दिवसांत तो डाग फिका झाला नाही.

७ ऑक्टोबर

पाऊस. बाईंबरोबर घेवडा सोलत बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवले. म्हणाल्या, हद्दीचा दगड हलवणारा मेल्यावर तो दगड खांद्यावर घेऊन त्याच डोंगरात फिरतो. जो भेटेल त्याला विचारतो, कुठे ठेवू? एकच उत्तर द्यायचं. जिथून उचललास तिथे ठेव. मग तो ठेवतो आणि जातो. कायमचा. दुसरं काहीही बोलायचं नाही, पोरी, दुसरं काही बोलणाऱ्याचं बरं होत नाही.

मी विचारलं, एर्रामुनना हे माहीत आहे का? बाई म्हणाल्या, त्याला काय माहीत, तो पेपर वाचतो. मी बोलायला लागले की कानात बोटं घालतो आणि म्हणतो, आत्या, पुरे तुझी भुतं.

मी नम्रपणे हसले.

८ ऑक्टोबर

एकटी गेले. दगड नव्हता. खड्डा होता, ठोकलेले खडे होते, दगड तेवढा नव्हता. ओढून नेल्याची खूण नाही.

दुपारी धुकं उतरलं. मी जागेवरच बसले. मग खालून धाप ऐकू आली. ती धाप मला ओळखीची आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन्ही हातांत सामान घेऊन तो जिना चढायचा तेव्हा अशीच असायची. स्वयंपाकघराच्या दारात थांबायचा आणि विचारायचा, कुठे ठेवू?

तेच विचारलं. त्याच आवाजात.

मी काही बोलले नाही. पावलं थांबली, मग दूर गेली. फार जड पावलं होती.

९ ऑक्टोबर

घळीत खरी जागा सापडली. चौकोनी खळगा, तळाशी कौलाचा दुसरा तुकडा. माझा तुकडा लावून पाहिला. केसभर फट राहिली नाही.

तो पुरायला हवा होता. मग वर जाऊन ते वाक्य म्हणायचं. जेमतेम चार शब्द.

पुरला नाही. खिशात घालून परत आणला. वाक्य म्हटलं की तो जाईल, आणि आत्ता तो निदान त्या डोंगरात आहे. हे बरोबर नाही, मला कळतं. तो तिकडे ओझं वाहतोय आणि मी त्याचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून गप्प.

उद्या म्हणेन.

१० ऑक्टोबर

गेले. दुपार, धुकं. तो आला. आज दिसला. खांदा फुटलेला. चेहरा दगडाआड. कुठे ठेवू? तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी रडत.

वाक्य पाठ होतं. ओठांवर होतं.

मी म्हणाले, इकडे दे. माझ्याकडे दे.

११ ऑक्टोबर

तो गेला. थांबला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, निदान—

दगड माझ्या उजव्या खांद्यावर आहे. बाईंना तो दिसत नाही. त्यांना वाकलेली मी दिसते. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दारामागून सारखं तेच वाक्य म्हणत होत्या, पण ते मी विचारल्यावर म्हणायचं असतं. मी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरवलंय. उत्तर मिळालं तर मीही जाईन. कुठे?

१२ किंवा १३

घळीकडे गेले. स्वतःच ठेवून टाकावा म्हणून. खळगा सापडत नाही. सगळीकडे नेचे. कौल खिशात नाही. मी कधी टाकला?

खाली ठेवता येत नाही. बसता येत नाही. उभ्याने, झाडाला वही टेकून लिहितेय. डावा हात.

—

बेटिरीला हाका मारल्या. काही नाही. तो खरंच गेला. मी त्याला पाठवलंही नाही, ठेवलंही नाही.

—

तोंड आपणहून विचारू लागलंय. झाडांना विचारलं. दातांत रुमाल धरलाय.

—

खालून कोयत्याचा आवाज. एर्रामुन. मला शोधायला आलेत, नावाने हाका मारतायत. धुक्यात टोपी दिसली. निघून जा म्हणायचं आहे. रुमाल पडला. मी विचारलं.

ते थांबले. मग चढून येतायत, घाईने. मला पाहून हसले. वाकलेली पाहिलं त्यांनी. नको. बाईंनी सांगितलेलं वाक्य, एर्रामुन, ते एकच म्हणा, जिथून— कोयता खाली टाकला त्यांनी. दोन्ही हात पुढे— नको, ते नाही, ते म्हणू नका, एर्रा