फोटोच्या पोटातली ओळ

१ फेब्रुवारी १९९९, सोमवार. सकाळी ११
संकल्प. धुळ्यात दातांच्या दवाखान्याची पहिली वेबसाइट माझी. आणि ती अंधांनाही वापरता येईल अशी. मासिकात वाचलं, परदेशात कॉम्प्युटर अंध माणसाला पान वाचून दाखवतो. फोटो आला की फोटोच्या पोटात लिहून ठेवलेली ओळ वाचतो. ओळ नसेल तर नुसतं ‘चित्र’ म्हणतो. माझ्या साइटवर हे चालणार नाही.
सकाळपासून पेशंट नाही. वेळ छान मिळतोय.

५ फेब्रुवारी
छगनशेठच्या एसटीडी बूथमध्ये इंटरनेट आलंय. तीन तास बसलो. लाइन चारदा तुटली. मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसतात, म्हणून साइट इंग्रजीत. कमी दिसणाऱ्यांसाठी पिवळ्यावर काळी, मोठी अक्षरं. छगनशेठनी सगळं पाहिलं, म्हणाले, डॉक्टर, बठ्ठं बरं शे, पण रिक्षाच्या पाठीसारखं दिसतं. त्यांना डिझाइन कळत नाही.
सुनंदा भाऊबीजेला माहेरी शिरपूरला गेली ती अजून तिकडेच. हवापालट. तिच्या भावाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे. पाहील. मी मुद्दाम फोन करून सांगणार नाही.

९ फेब्रुवारी
उद्घाटनाचा फोटो टाकला. दवाखान्याच्या दारात मी आणि सुनंदा. पोटातली ओळ : ‘डॉ. गिरधर व सौ. सुनंदा, आनंदी दांपत्य.’ अंध माणसाला आणखी काय हवं?

१२ फेब्रुवारी, दुपारी
साइटवर सत्तावीस भेटी! छगनशेठ म्हणाले, तुम्ही स्वतः उघडता तेव्हाही आकडा वाढतो. ठीक. माझ्या सव्वीस वजा. राहिली एक. ती शिरपूरची. छगनशेठ आणखी काही सांगणार होते, पण मी निघालो.

१८ फेब्रुवारी
चाचणी. जीवराम सरांना रिक्षाने बूथवर आणलं. शाळेत संगीत शिकवायचे, जन्मापासून अंध. छगनशेठचा कॉम्प्युटर बोलत नाही, म्हणून मीच मशीनसारखं, भाव न आणता, मराठी करून वाचलं.
फोटोची ओळ वाचली. सरांनी विचारलं, ‘वहिनी कुठं बघताहेत?’
म्हटलं, कॅमेऱ्याकडे.
‘आणि हात?’
तेव्हा स्क्रीनजवळ तोंड नेऊन पाहिलं. तिने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलीय. बघतेय रस्त्याकडे. एक पाय खालच्या पायरीवर.
म्हटलं, हात माझ्या हातात.
सर म्हणाले, ‘डॉक्टर, दाढ ठणकते. पण तुमच्या जिन्याला कठडा नाही. आधी तेवढा बसवा.’
सर जुन्या वळणाचे आहेत.

२० फेब्रुवारी
सरांच्या सूचनेची तातडीने दखल घेतली. साइटवर टाकलं : ‘जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. कठडा नाही. जपून यावे.’

२४ फेब्रुवारी
सरांनी दाढ काढली. स्टँडजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे, तळमजल्यावर. स्वतः फोन करून सांगितलं, ‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून कळवतो.’ वाईट कसलं? मी त्यांना मिठाच्या गुळण्या करायला सांगितलं. त्या डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं.

२६ फेब्रुवारी
फोटोची ओळ बदलायला बसलो. ‘दारात एक पुरुष. शेजारी एक बाई, रस्त्याकडे बघणारी.’ टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. लाइन तुटली. हा फोन खात्याचा दोष.

३ मार्च, बुधवार. दुपारी ४
सुनंदाचा फोन! दवाखान्यात. चार महिन्यांत पहिला. आवाज बसलेला वाटला.
मी आधी विचारलं, साइट पाहिलीस ना? ती म्हणाली, ‘कसली साइट?’ मी समजावून सांगितलं. अंधांसाठी, मोठी अक्षरं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘चार दिवस दाढ दुखतेय हो. शिरपूरला दातांचे चांगले डॉक्टर कोण आहेत?’
मी नाव सांगितलं. चांगला मुलगा आहे, माझ्यानंतरच्या बॅचचा. पत्ताही सांगितला. गार काही खाऊ नकोस म्हटलं.
‘बरं,’ म्हणाली आणि ठेवला.
डावी दाढ की उजवी, विचारायचं राहिलं.