खोक्याची सुतळी

निपाणी, गुरुवार, नोव्हेंबर १९८१

पुण्याहून आलो आणि स्टँडवर उतरताना खोक्याची सुतळी तुटली. कॉम्प्युटरची भोकं पाडलेली सगळी कार्डं धुळीत, क्रम पार विस्कटला. सोमवारी पुन्हा मशीनवर वेळ मिळालीय, ती चुकली तर परत कधी, कोण जाणे!

संध्याकाळी सुमन माझ्यासोबत खाली बसून नंबर बघून कार्डं लावू लागली. मध्येच म्हणाली, "अहो, एवढं ह्यात हाय तरी काय?"

लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला सांगत होतो. म्हटलं, रॉकेटमधून खूप उंचावर वायूचा झोत सोडतात. तो कशालाच बांधलेला नसतो. पण त्याच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन सुटला की पृथ्वीचं चुंबकत्व त्या अणूला धरून ठेवतं. किती वेगाला हे घडतं, त्याचं गणित आधी ह्या कार्डांवरून मशीनवर करून बघायचं.

"म्हंजे माझ्यावानीच की," ती हसली. "शहापूर सुटलं आणि हितं अडकले."

अडकले. हसतच म्हणाली, तरी ते मनातून जाईना. बेळगावचं शहापूर काही लांब नाही, पण मी तिला माहेरी कितीदा नेलं? सुखानं अडकली, की नुसतीच अडकली? विचारायला धीर झाला नाही.

कार्डं लागली. मी सुतळी शोधत होतो. तेवढ्यात तिनं आतून एक लाल पट्टी आणली आणि खोकं करकचून बांधलं.

"आता सुटायचं न्हाय," म्हणाली.

तिच्या आईच्या लुगड्याचा काठ होता तो. लुगडं पार विरलं, तरी आजवर सुमननं त्याला कुणाला कात्री लावू दिली नव्हती.