मानेवरची गाठ

१४ नोव्हेंबर १९७८, बख्शी का तालाब

अजून डोकं तापलेलंच आहे. मानेवरची गाठ काढायला डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि लगेच ब्लेड लावलं. जीव कळवळला. डॉक्टरांनी विचारलं, "दर्द तो नहीं हो रहा?" तेही ह्यांना! आणि हे म्हणाले, "नहीं साहब, फौजी की बीवी है." मान माझी आणि उत्तर ह्यांचं? शेवटी मीच ओरडले, "हो रहा है, रुकिए!" डॉक्टर वरमले. आणखी औषध टोचून पाच मिनिटं थांबले, मग कापलेलं कळलंसुद्धा नाही. फक्त पाच मिनिटं! घरी आल्यावर हे म्हणतात, "परक्यासमोर ओरडायची काय गरज होती?" उद्या टाके ठणकले, तर ह्यांनाच विचारीन, "अहो, दुखतंय का मला?"