खोकल्याचा परिच्छेद

प्रिय ढब्बू,

तुझा निरोप मिळाला. ‘आई, मला खोकला झालेलाच नाही. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?’ आधी पोट धरधरून हसले, मग कपाळाला हात लावून बसले.

माझ्या पत्राच्या शेवटी, टाकीच्या गळतीच्या रडगाण्यानंतर, तू जे वाचलंस ते तुझ्यासाठी नव्हतंच. ‘तुमच्या खोकल्याचा आवाज रोज खालून येतो. आता तो शेजारून यावा असं वाटतं.’ आईचं डोकं फिरलं असं तुला वाटलं, यात तुझा काय दोष! ते होतं खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांसाठी. त्यांना ऐकायला कमी येतं. लग्नाचं तोंडाने विचारायचं तर अख्ख्या इमारतीला आमंत्रण गेलं असतं, म्हणून लिहिलं. हो, लग्नाचंच. घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

फोनवर तूच शिकवलंस ना, दोन फायली उघड्या ठेव, इथून कट कर, तिथे पेस्ट कर म्हणून? कंपनीसाठी मिक्सरच्या माहितीपुस्तिका लिहायचं काम मी आता झटपट उरकते. जुन्यातलं पातं धुण्याचं प्रकरण उचलायचं, नव्यात टाकायचं. शहाणपणा नडला. त्या दिवशी तुझं आणि त्यांचं पत्र शेजारी-शेजारी उघडं होतं. त्यांच्यातला तो परिच्छेद जरा खाली न्यायला कट केला आणि टाकला तुझ्या पत्रात. लाजेने पुन्हा वाचलंही नाही. दोन्ही छापली, तुझं पोस्टात टाकलं, त्यांचं दाराखालून सरकवलं.

त्यांच्या हाती उरलं काय, तर जिन्यातला दिवा गेल्याची तक्रार. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून नवा दिवा बसवला आणि मला हसून हात केला. मला वाटलं, नकार द्यायची काय ही सभ्य रीत! चार दिवस घास गिळवेना रे. तुझे बाबा गेले त्यानंतर इतकं एकटं पुन्हा कधी वाटलं नव्हतं. काल तुझा निरोप वाचला तेव्हा कळलं, त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

पुन्हा लिहायला बसले, पण तसं उतरत नाही. तुझ्या पत्राची फाइल मी दर वेळी पुसून त्यातच नवं लिहिते, म्हणजे तो परिच्छेद आता फक्त तुझ्याकडच्या कागदावर आहे. शनिवारी चष्मेवाले आपलं चष्म्यांचं दुकान बंद करून कायमचे मुलीकडे चाललेत. पोस्टावर विसंबायला वेळ नाही, म्हणून हे थेट तुझ्या फोनवर पाठवतेय. रुसायचं असेल तर रूस, मी नंतर सगळं ऐकून घेईन. पण आधी त्या पानाचा फोटो काढून पाठव. राजा, मी परवानगी मागत नाहीये, परिच्छेद मागतेय.

तुझीच,
घायकुतीला आलेली आई