सोडतीचा दिवस

अण्णा, तुमच्या नातीबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण कपाळ आणि बोटं तुमचीच घेऊन आलीय. इथे साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आमच्याकडेच राहते आणि घरासाठी पैसे साठवते. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी इथे एक खातं असतं. वर्षाला जास्तीत जास्त चार हजार पौंड भरता येतात, तेवढे भरले की सरकार वर एक हजार घालतं. यंदाचे चार हजार तिने दिवाळीच्या आतच भरले. मग प्रश्न आला, यापुढचे ठेवायचे कुठे? मी म्हटलं, बँकेत मुदतीने ठेव, व्याज थोडं, पण ठरलेलं. मी मॅट्रिक असले तरी या घराचा हिशोब मीच ठेवते. ती हसली. "आई, बोअर नको करू. मी प्रीमियम बॉण्ड घेते." म्हणजे व्याज नाही, दर महिन्याला सोडत, नशिबात असेल त्याला बक्षीस. मी म्हटलं, हा जुगारच की. "अगं, सरकारी आहे. मुद्दल कुठे जातंय?" हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. खरंच जात नाही. मी नीट विचारून घेतलं. तरी माझं मन मानेना, ते का, हे या घरात फक्त मला ठाऊक.

मी लहान आहे, सांगलीच्या आपल्या खोलीत शुभंकरोती झालेली आहे. तुम्ही दुकानातून आलात, कानामागे अजून कापडावर खुणा करायचा खडू. मला मांडीवर घेऊन म्हणता, "बाळ, देवाकडे बघ आणि एक आकडा सांग." मी सात म्हणते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चांदीचे पैंजण आणलेत, आणि आई चुलीपुढून उठली नाही. तेव्हा मला तिचा राग आला होता. मग रोज संध्याकाळी आकडा. मटक्यात आईचं शिलाई मशीन गेलं, पैंजणही गेले, आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, "हिच्या जिभेवर काही उरलं नाही." पण अण्णा, हरलेल्या दिवसांचा तुमचा चेहरा मला आठवत नाही. पैंजण आणलेत त्या दिवसाचा आठवतो. त्याचीच भीती वाटते.

आता सोडतीच्या सकाळी ती माझ्या देव्हाऱ्याशी येऊन उभी राहते. "आई, तू आधी दिवा लाव ना. मग मी ॲप उघडते, माझं प्राइज आलं का बघते." मी दिवा लावते, डोळे मिटते आणि मागते, देवा, हिला काही लागू देऊ नकोस. कधीच. कंटाळून सोडून देईल. चार महिने देवाने ऐकलं.

या महिन्यात शंभर पौंड लागले. तिने मला उचलूनच घेतलं. "तुझा देव सॉलिड आहे, आई!" आणि तोच चेहरा. मग चहा पिता पिता सहज म्हणाली, एप्रिलला नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की आधी बॉण्डच घ्यायचे, घराच्या खात्याचं बघू नंतर. मी म्हटलं, "अगं, तिथले हजार ठरलेले आहेत!" तर म्हणते, "तेच ना. ठरलेले आहेत. इकडे काय लागेल, कुणाला माहीत?" एप्रिल तीन आठवड्यांवर आलाय. तुमचं सगळं तिला सांगून टाकावं, असं रोज ठरवते. पण तिला तुम्ही फक्त हाताला जादू असलेले शिंपी म्हणून ठाऊक आहात. तुमच्या फोटोची धूळ तीच पुसते, म्हणून हा कागद त्यामागेसुद्धा ठेवता येणार नाही, फाडूनच टाकेन.

एवढं मात्र तुम्हालाच सांगते. शंभर म्हणाली तेव्हा भीती नंतर आली. त्याआधी माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "आणि दुप्पट ठेवले असते तर गं?"