कोणाचाच हात नको

५ मे
पुन्हा तेच. लॅबमध्ये जेलच्या पातळ थरावर एक सरळ रेघ यायला हवी होती, आला वरून खालपर्यंत पसरलेला धुरासारखा डाग. आरएनए तुटला. डेंग्यूच्या विषाणूतला एवढासा तुकडा, तोही आम्हीच नळीत बनवलेला. तो स्वतःवर दुमडून पिनेसारखा वळसा घेतो. पेशीतलं एक प्रथिन तो वळसा ओळखून धरतं का, एवढाच माझा प्रश्न. पण तुकडा अख्खा राहील तर ना. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, अठराला पीएचडीच्या समितीपुढे बोलायचंय, तोवर काही दिसलं नाही तर विषय बदलू. शांतपणे म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

७ मे
कातडीवर, घामात जे असतं तेच आरएनएला खातं. आणि मे महिना. कूलर नुसता गरम वारा फेकतो.
स्नेहलताई, माझी सीनियर, तिने स्वतःचं काम थांबवून लॅबमधला तिचा अर्धा ओटा मला दिला. दोघींनी मिळून पुसला. नवं पाणी, पिपेटच्या नव्या टिपा. वर मी कागद चिकटवला : इथे हात लावू नये.
बाबांनी त्यांच्या कामाच्या, मौद्याच्या वीज प्लांटच्या बसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी डेंग्यूवर काम करते. आता लोक त्यांना तापाची औषधं विचारतात. बाबा सांगतातही.

१० मे, रविवार
आई लॅब बघायला आली. घरून, जरीपटक्याहून भर उन्हात, लग्नाकार्याची निळी साडी नेसून. मशिनी बघितल्या, फ्रीजरची वाफ बघितली. मग माझा कागद वाचला आणि थांबली.
"काहून वं, हे कोणाच्या हातासाठी लिहिलं?"
तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आईच्या आईला लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे. आमच्या घरी ती गोष्ट कोणी रडून सांगत नाही, पण विसरतही नाही. मी घाम, कातडी असलं काही सांगायला लागले. आईने मला सोडून थेट मॅडमनाच विचारलं, "तुमचा हात चालते का इथं?"
"माझा तर अजिबात नाही, ताई. मागच्या वर्षी माझ्याच हाताने सगळं बिघडलं होतं."
आई हसली. "मंग तसं लिहा ना, कोणाचाच हात नको. लिहिणाऱ्याले समजते, वाचणाऱ्याले कसं समजन?"
मॅडमनी स्वतः जुना कागद काढला, नवा लिहिला. आईला हातमोजे घालायला दिले आणि बर्फातली नळी तिच्या हातात ठेवली. आईने उजेडात धरून पाहिली.
"काही दिसत नाही यात."
मलाही नाही दिसत, म्हटलं.

१३ मे
रेघ. एकच, स्वच्छ. स्नेहलताईला तर्री-पोहे खिलवले. हे माझ्या एकटीचं नाही, हे विसरायचं नाही.

१५ मे
प्रथिन घातलं. त्याने आरएनए धरला तर जोडी जड होते, रेघ वरच अडकते.
अडकली. फिकट, पण वर.
मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग, "पण हे प्रथिन कशालाही चिकटत असेल तर?"
खरंय. तेवढ्याच लांबीचा, न दुमडणारा तुकडा शेजारी चालवायचा. तोही वर अडकला तर माझी रेघ म्हणजे काहीच नाही. वाईट वाटलं, पण थोडंच. माझ्या कामाकडे इतकं बारकाईने बघणारं कोणी आहे, हे काही कमी नाही.

१७ मे, रविवार
उद्या समिती. दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी चालू आहेत. ओट्यापासून लांब, खिडकीशी बसून लिहितेय.
आईचा फोन. "धरलं काय वं त्यानं?"
अजून कळायचंय, म्हटलं.
"बरं. भाकरी झाकून ठेवते. जे होईन ते घरी येऊन सांग."
ओट्यावर मॅडमच्या अक्षरातला कागद. मशीनमध्ये, तुकडे कुठवर गेले ते दाखवणारा निळा रंग हळूहळू खाली सरकतोय. आता करण्यासारखं काही उरलं नाही. हातमोजे काढले. हात मांडीवर.