उपाशीपोटी: हो

सोमवार, २ सप्टेंबर

जुरांदीरचं हिमोग्लोबिन साडेसात! आणि हा माझा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, उन्हानं गरगरतं गं, बाकी काही नाही." सहा महिने पोट आवळून दुकानात असाईची काळीजांभळी फळं घोटून दाट रस काढायच्या मशीनपाशी उभा राहतोय. शौचाला काळं होतं हे त्याच्या बायकोनं, क्लेओनिसीनं, मला आज सांगितलं. आज!

कॅमेऱ्याची गोळी गिळवायचं चाललं होतं. पण आतडं कुठे अरुंद असेल तर गोळी तिथेच अडकायची, म्हणून डॉ. पाल्येताबाईंनी नको म्हटलं. बुधवारी लहान आतड्याचा एमआरआय. माझ्याच मशीनवर.

मंगळवार, ३

फोन करून बजावलं – सकाळी पोटात काही नको. "हो गं बाई, किती वेळा सांगशील!"

बुधवार, ४

आतडं फुगवायला देतात ते दीड लिटर गोडमिट्ट पाणी प्यायला. प्रत्येक ग्लासाला माझ्या नावानं शिव्या.

इंजेक्शन देण्याआधीच्या चित्रात आतड्याची पोकळी काळी दिसायला हवी. पांढरी आली. वरपासून खालपर्यंत पांढरी! रक्त असं दिसतं. माझा हात बटणावरच राहिला. आतून त्याचा आवाज – "ताई, काय दिसतंय?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील." सोळा वर्षं हेच वाक्य म्हणत आले. आज सख्ख्या भावालाही तेच म्हटलं.

पाल्येताबाई म्हणाल्या, रक्तस्राव चालू आहे. लगेच भरती केलं. शुक्रवारी सकाळी सात वाजता पोट उघडणार.

गुरुवार, ५

हिमोग्लोबिन आजही साडेसात. हललं नाही. एवढं रक्त वाहतंय तर उतरायला नको? सर्जनना विचारलं. "ओदालेया, तुम्ही चित्रं काढा. वाचायचं आमच्यावर सोडा."

दुपारी त्याच्या खाटेपाशी गेले. कुरकुर चालूच! "कालपासून असाईचा थेंब नाही. ऑपरेशनच्या आधी ह्यानंच मरेन."

"काल सकाळपासून म्हण. उपाशी होतास ना?"

"उपाशीच! जेवलो कुठे? पहाटेचा पहिला घाणा चाखला फक्त. दोन वाट्या. चाखल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात कसा देऊ?"

चाखणं म्हणजे खाणं नाही! आमच्या सगळ्या ग्वामा वस्तीत हीच समजूत. सोबत तळलेला मासा आणि मांदिओका कंदाचं पीठ असेल तर ते जेवण, नुसती असाई म्हणजे पाणी प्यायल्यासारखं. मीही तशीच वाढले.

असाईत मँगनीज असतं, एमआरआयमध्ये ते पांढरं दिसतं – एका प्रशिक्षणात कधीतरी ऐकलं होतं, ऐकून हसलोही होतो. आणि शौचाला काळं होण्याचं म्हणाल तर असाईच्या हंगामात अख्ख्या बेलें शहराला काळं होतं!

मग फॉर्म आठवला. "उपाशीपोटी: हो." ती खूण मी केली होती. त्याला विचारलंच नव्हतं. तो कपडे बदलत होता तेवढ्यात सवयीनं सगळं पान भरून टाकलं.

सांगितलं तर चौकशी. कदाचित नोकरीही जाईल. नाही सांगितलं तर उद्या सातला सुरी. धावत जायला हवं होतं. मी जिन्यात बसून राहिले. दहा मिनिटं! भावाचं पोट एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला नोकरी तोलत होते. लाज वाटते लिहिताना.

मग गेले. सगळं सांगितलं. पाल्येताबाईंनी आधी फॉर्म पाहिला, मग मला. "उद्या ऑपरेशन नाही. पुन्हा एमआरआय. आणि ह्या वेळी विचार."

शुक्रवार, ६

विचारलं. तीनदा विचारलं. "ताई, आता पोलिसात दे मला!"

पोकळी काळी! स्वच्छ काळी. शेवटाकडे फक्त वीतभर आतडं सुजून अरुंद झालंय. क्रोन्स आहे, आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार. रक्त थोडंथोडं तिथूनच जात असणार. गोळ्या, इंजेक्शनं. सुरी नाही!

कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून रडले. बाहेर आले तर हा विचारतो, "मग असाई चालेल ना?" थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कुशीत घेतलं.

सोमवार, ९

लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. क्लेओनिसीनं घरी बदक शिजवून आणलं, म्हणाली, "ओदा ताई, तुमच्यामुळे वाचला." मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

मंगळवार, १०

दुपारी काम नव्हतं, म्हणून जुनी चित्रं काढून बसले. गेला नोव्हेंबर. कामेताहून, असाईच्याच मुलखातून आलेली बाई, वय एकतीस. आतडं असंच पांढरं. दुसऱ्याच दिवशी पोट उघडलं, दीड हात आतडं कापलं. कापलेल्या तुकड्यात काहीच सापडलं नाही, असा प्रयोगशाळेचा कागद मागे टाचलाय. फॉर्म पाहिला. उपाशीपोटी: हो. अक्षर माझं. तिचा चेहरासुद्धा आठवत नाही.